पुन्हाबाईचं बंद कार्ड

१

"मी?"

शेजारच्या कान-नाक-घसा विभागातून हा एकच शब्द इतक्या जोरात आला, की तक्रारींच्या टेबलाशी बसलेल्या लिटमसचं पेन जागच्या जागी थांबलं.

लिटमस हे काही तिचं नाव नव्हे. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती बालविम्याच्या तक्रार विभागात लागली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या लक्षात आलं, की हिला राग आला, शंका आली किंवा काही नवं उमगलं, की चेहरा गळ्यापासून वरवर तांबडा होत जातो. त्या दिवसापासून खरं नाव हजेरीपुरतं उरलं.

ती उठून दाराशी गेली. काउंटरपुढे गळ्यात मोजपट्टी अडकवलेली एक बाई उभी होती. पट्टी घरी काढून ठेवायची राहून गेली असावी. तिच्या शेजारी सातेक वर्षांची मुलगी. डाव्या कानात कापूस.

"बाई, मी काय मनाचं सांगतोय?" काउंटरवरचा माणूस म्हणत होता. "पडद्यावर आहे ते वाचतोय. 'पालकांच्या विनंतीवरून कार्ड बंद.' पालक म्हणजे तुम्हीच ना?"

"पुन्हा?" मुलगी म्हणाली.

तो वाकून मोठ्याने म्हणाला, "तुझं कार्ड बंद आहे."

"म्हणजे तुम्ही म्हणालात, माझा कान बंद आहे," मुलीने शांतपणे सांगितलं. "ते आम्हाला ठाऊक आहे. म्हणून तर आलोय."

रांगेतली माणसं हसली. आई हसली नाही. तिने लिटमसकडे पाहिलं आणि गळ्यातली पट्टी घट्ट मुठीत धरली.

मुलीच्या कानाचा पडदा फाटलेला होता, आणि जखम वाहती होती. कानाच्या मोठ्या सर्जन बाई या रुग्णालयात अधूनमधूनच यायच्या. सोमवारी येणार होत्या आणि सोमवारच्या यादीत मुलीचा नंबर लागला होता. हुकला, तर पुढचा कधी हे कुणी सांगू शकत नव्हतं, आणि तोवर कान वाट बघत बसणार नव्हता. कमी मिळकतीच्या घरातल्या मुलांवर सरकारी बालविम्यातून फुकट उपचार होतात, पण कार्ड चालू हवं. पालकांनी आपणहून बंद करवलेलं कार्ड वर्षभर पुन्हा उघडता येत नाही. लोक दुखणं आलं की विमा घेतात आणि बरं वाटलं की सोडतात, म्हणून तसा नियम केलेला.

"मी स्वतः आमच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्रात रांगेत उभी राहून काम करून आले," आई म्हणाली. "मेसेजसुद्धा आला मला. हे बघा."

लिटमसने फोन हातात घेतला. 'आपल्या विनंतीनुसार कार्यवाही पूर्ण झाली आहे. धन्यवाद.'

"तुमची विनंती काय होती?"

"काय असणार? कार्ड पुढे चालू राहू दे, एवढीच! पोटच्या पोरीचं कार्ड कोण बंद करायला सांगेल हो?"

लिटमसने काउंटरवरच्या माणसाला त्याच आरोग्य केंद्रातली बाकीची कार्डं दाखवायला सांगितली. त्याने पडदा वर सरकवला, आणखी वर सरकवला, आणि मग तो स्वतःच खुर्चीतून अर्धवट उठला.

बंद. बंद. बंद. सगळी 'पालकांच्या विनंतीवरून'.

२

"वस्तीतल्या सगळ्या आयांनी एकाच आठवड्यात लेकरांचा विमा सोडला?" विभागाच्या प्रमुख बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. "नवस बोलल्यासारख्या?"

"सोडलेला नाही. मी पाच-सहा जणींना फोन केले. प्रत्येक जण म्हणते, कार्ड चालू ठेवायला गेले होते."

"मग कुणीतरी लबाडी केली."

"किंवा चूक."

"इतकी माणसं एकदम चुकत नाहीत, लिटमस."

"वेगवेगळी चुकली असती, तर काही इकडे चुकली असती, काही तिकडे," लिटमस म्हणाली. "इथे सगळा काटा एकाच बाजूला झुकलाय. प्रयोगशाळेत असं झालं, की आम्ही वजनं करणाऱ्याला नंतर बोलायचो. आधी तराजू तपासायचो."

मोठ्या बाईंनी चष्मा खाली घेतला. "हे बघ. आज शुक्रवार. लबाडी असेल, तर प्रकरण पोलिसांकडे जाईल आणि चौकशी संपेपर्यंत एकाही कार्डाला मला हात लावता येणार नाही. चूक असेल, तर माझ्या सहीने तिथल्या तिथे दुरुस्त होईल. पण 'चुकून झालं' असं जगात सगळेच म्हणतात. कशी झाली, ते मला पटवून दे. उद्या दुपारपर्यंत."

"आणि नाही पटवता आलं तर?"

"तर सोमवारी त्या पोरीच्या जागी दुसरं कुणीतरी जाईल. मला ते आवडणार नाही, पण होईल तसंच."

लिटमस दाराशी पोचली, तेव्हा बाईंनी हाक मारली. त्या अजून पडद्याकडेच बघत होत्या.

"अगं, सगळी बंद नाहीत. एका घरातली दोन भावंडं चालू आहेत. बाप बसचा ड्रायव्हर. फक्त त्याचीच कशी बरं वाचली?"

३

आरोग्य केंद्र म्हणजे पुढे व्हरांडा, मागे दोन खोल्या. व्हरांड्याच्या टोकाला विम्याची खिडकी, तिला वरून खाली ओढायची पत्र्याची झडप. लिटमस पोचली, तेव्हा कामाची वेळ संपत आली होती. आत टेबलपंखा घरघरत होता आणि एक घामाघूम तरुण शेवटच्या आजोबांना निरोप देत होता.

तिने आपली ओळख सांगितली. तरुणाचा चेहरा पडला.

"दोन मिनिटं थांबा हं ताई. एवढी खिडकी वाढवतो, मग निवांत बोलू."

लिटमसला वाटलं, आत उकडतंय, तेव्हा हा झडप आणखी वर ढकलणार. उलट झडप खाडकन खाली आली आणि तिच्या नाकापासून चार बोटांवर थांबली. बोलतो एक आणि करतो एक, तिने मनाशी नोंद केली. तेवढ्यात तो बाजूच्या दाराने बाहेर आला. त्याने तिच्यासाठी बाक पुसला आणि स्वतः उभा राहिला.

खिडकीवाला इथे नवा होता. नवं यंत्र आलं, त्याच्याबरोबरच आला होता. आधी कार्डं आपोआप पुढे चालू राहायची. या वर्षीपासून आईबापांपैकी कुणीतरी खिडकीशी येऊन सांगायचं असा फतवा निघाला होता.

"तुमच्या पडद्यावर काय येतं?"

"दोन चौकोन. हिरवा म्हणजे चालू ठेवा. आणि दुसरा तांबडा."

"तांबडा म्हणजे?"

"म्हणजे... नको असेल त्यांच्यासाठी."

"म्हणजे बंद."

तो कसनुसा झाला. "असं नका ना म्हणू ताई. लेकरांच्या बाबतीत तो शब्द बरा नाही वाटत."

"शब्द बरा वाटत नाही, पण बटण दाबायला चालतं?" लिटमसच्या गळ्यावर तांबडी छटा चढायला लागली. "किती मुलांचे उपचार अडलेत, कल्पना आहे तुम्हाला? त्या शिलाईवाल्या ताईंच्या मुलीचं सोमवारी ऑपरेशन आहे."

"पुन्हाबाईचं?" तो दचकला. "कानात कापूस असतो ती? सारखी 'पुन्हा?' विचारते ती?" तो खांबाला टेकला. "तिच्या आईने सांगितलं, तेव्हा मला कसंतरीच झालं होतं. या पोरीला विम्याची इतकी गरज आहे, आणि बाई असं का सांगतेय? पण आम्हाला कारण विचारायची परवानगी नाही. भिंतीवर लिहिलंय, 'पालकांच्या निर्णयाबद्दल प्रश्न विचारू नयेत.'"

"म्हणजे त्यांनी तुम्हाला कार्ड बंद करायला सांगितलं?"

"माझ्या तोंडावर सांगितलं."

"त्या म्हणतात, नाही सांगितलं."

"ताई, शपथेवर सांगतो. एकाही कार्डाला मी मनाने हात लावलेला नाही. ज्याने जे सांगितलं, ते केलं."

त्याचे डोळे भरून आले होते. लिटमसला वाटलं होतं, त्याचं खोटं पकडलं की काम संपेल. पंचाईत अशी, की तो खरं बोलत असावा, आणि ती आईसुद्धा.

"मग तुम्हाला नवल नाही वाटलं? सगळेच कसे सोडताहेत म्हणून?"

"वाटलं ना. पण त्याचं कारण रोज समोरच बसलेलं असतं." त्याने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं.

४

पलीकडे चहाच्या टपरीशी छत्रीखाली एक गोल गरगरीत गृहस्थ खाजगी विम्याची रंगीत पत्रकं वाटत बसले होते. वस्ती त्यांना पॉलिसीकाका म्हणे.

"या, बसा! लग्न झालंय? मुलं? नाही? मग आईवडील तर असतीलच!"

"काका, सरकारी कार्डं निकामी होणार, असं तुम्ही लोकांना सांगत होतात?"

काकांचं हसू ओसरलं, पण पत्रक तसंच पुढे राहिलं. "निकामी म्हणालो नाही. 'भरवसा नाही' म्हणालो. धंदा आहे हो."

"आता वस्तीतल्या सगळ्या मुलांचा विमा गेलाय. फायदा तुमचा."

"कसला फायदा! एक तरी पॉलिसी गेली का विचारा." काका उसळले. "हा चहावाला साक्षीला आहे. आठवडाभर मी इथे बसून नुसता चहा ढोसतोय. लोकांनी सरकारी विमा सोडला असता, तर माझ्याकडे नसते का आले? त्यांना आपलं कार्ड चालूच आहे असं वाटतंय, म्हणून मला हिंग लावून कुणी विचारत नाही!"

लिटमसने क्षणभर त्यांच्याकडे रोखून पाहिलं. राग खरा होता, आणि त्यामागचा हिशोबही चोख होता.

"आणि ताई," काका खालच्या आवाजात म्हणाले, "चोर शोधताय, तर तो ड्रायव्हर बघा. रोज दुपारी त्या खिडकीवाल्याबरोबर डबा खातो. सगळ्यांची कार्डं गेली, याची तेवढी शाबूत. मी फक्त सांगून ठेवतो हं. माझं नाव नको."

ड्रायव्हर बसथांब्यावर सापडला. इंजिनाचं झाकण उघडून तो आत डोकावत होता, आणि प्रश्न ऐकून त्याने डोकं बाहेरसुद्धा काढलं नाही.

"डबा खातो. मग? नवा पोरगा आहे, एकटा बसायचा. माझ्या बायकोच्या हातचं खाऊन चार माणसांत आला."

"त्याने तुमच्यावर मेहेरबानी केली असं लोक म्हणतात."

आता डोकं बाहेर आलं. नाकावर ग्रीस. "मेहेरबानी? ओळख तरी होती का तेव्हा? मी ड्यूटीवरून तडक आलो, रांगेत उभा राहिलो. सिस्टर बायकांना गाठून काय काय पढवत होत्या, त्यातलं मला काही ठाऊक नाही. माझा नंबर आला. तो म्हणाला, काय करायचं? मी म्हणालो, चालू द्या! संपलं."

"एवढंच?"

"अहो, दिवसभर मी दुसरं काय म्हणतो? कंडक्टर विचारतो, मागचे विचारतात, घरी पोरं टीव्ही बघत असतात. चालू द्या!" तो आपल्याच बोलण्यावर हसला आणि मग गंभीर झाला. "का हो? माझ्या पोरांची पण जाणार का?"

"नाही," लिटमस म्हणाली. "तुमची जाणार नाहीत."

आपण हे इतक्या ठामपणे का म्हणालो, ते तिचं तिलाच कळेना. मात्र त्याचं एक वाक्य तिच्या डोक्यात अडकून बसलं. सिस्टर बायकांना काहीतरी पढवत होत्या.

५

केंद्रातली सिस्टर म्हणजे वस्तीची मोठी बहीण. लसीपासून भांडणापर्यंत सगळं तिच्याकडे यायचं. शनिवारी सकाळी लिटमसने तिला गाठलं, तेव्हा ती एका बाळाला काट्यावर ठेवत होती.

"हो, पढवलं. का नको पढवू?" सिस्टरने बाळाकडे बघतच उत्तर दिलं. "एकेक बाई खिडकीशी जाऊन नवऱ्याच्या नोकरीपासून सासूच्या गुडघ्यापर्यंत कहाणी सांगते. मागे रांग तुंबते. मी घरोघर जाऊन सांगितलं, मुदत संपतेय. जा, लेकराचं नाव सांगा, वाढवा म्हणा आणि बाजूला व्हा. पोपटासारखं पाठ करून घेतलं."

"आणि त्या तसंच म्हणाल्या?"

"माझी बाई माझं ऐकणार नाही, असं होतं का?" सिस्टरचा आवाज एकदम चिरला. "ताई, ही कार्डं मी काढलीत. उन्हात दारोदार फिरून. ज्यांना आपली मुलं यात बसतात हेच माहीत नव्हतं, त्यांना हाताला धरून आणलंय. मी केलेलं कुणी पुसून टाकलं, ते सापडलं ना, की आधी माझ्याकडे पाठवा."

लिटमसने मान डोलावली. पॉलिसीकाकांना यंत्राला हात लावता येत नव्हता, आणि त्यांचा फायदाही झाला नव्हता. ड्रायव्हरने काही मिळवलं नव्हतं, नुसतं गमावलं नव्हतं. सिस्टर आपल्याच हाताने लावलेलं झाड तोडणार नव्हती. उरला खिडकीवाला. पण लबाडी करणारा माणूस प्रत्येक आईच्या फोनवर मेसेज जाऊ देईल का? आणि सगळ्यांची कार्डं बुडवून मित्राची तेवढी वाचवेल का, बोट आपल्याकडेच वळेल अशी?

वेळ सरत होता. ती शिलाईवालीच्या घरी गेली, ती निदान तोंडावर सांगायला, की बहुधा जमणार नाही.

एका खोलीच्या घरात अर्धी जागा शिलाई मशीनने घेतलेली. भिंतीवर पेन्सिलीने मुलीच्या उंचीच्या खुणा. लिटमस बोलायला तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, "आधी दोन घास खा. कालपासून आमच्यासाठी पायपीट चाललीये तुमची." आणि मशीनवरचा खण उचलताना मुलीला हाक दिली, "पुन्हाबाई, ताईंना वाढ गं!"

"पुन्हा?" मुलगी म्हणाली.

"वाढ!"

मुलगी उठली. ताटाकडे न जाता भिंतीशी गेली, खुणांना पाठ लावून ताठ उभी राहिली आणि टाचा उचलल्या.

"म्हणजे तू म्हणालीस, वाढ. मी वाढतेच आहे की. ताईंना दाखवू का?"

आई हसत सुटली. "अगं बाई, जेवायला वाढ! उंचीने नव्हे!"

"मग असं नीट सांग ना," मुलगी फणकारली. "एकच शब्द किती कामांना वापरशील? मी विचारते म्हणून कळतं. नाहीतर ताई उपाशी राहिल्या असत्या."

लिटमसचा ताटाकडे गेलेला हात तसाच राहिला. तांबडा रंग गळ्यावरून गालांवर आणि गालांवरून कानांच्या पाळ्यांपर्यंत चढला.

"ताई, ताप आला का हो तुम्हाला?" आईने घाबरून विचारलं.

"चला," लिटमस म्हणाली. "दोघी चला माझ्याबरोबर. खिडकीशी. जेवू परत आल्यावर."

६

केंद्राच्या व्हरांड्यात सगळे जमले. सिस्टर हाताची घडी घालून उभी होती. पॉलिसीकाका छत्री मिटून आले होते. ड्रायव्हर बस थांब्यावर लावून आला होता. लिटमसच्या फोनवर मोठ्या बाई होत्या, सगळ्यांना ऐकू येईल अशा.

"एक प्रयोग करू या," लिटमस म्हणाली. "शिलाईवाल्या ताई, त्या दिवशी खिडकीशी जे म्हणालात, तेच म्हणा. एक शब्द कमी नको, एक जास्त नको."

आई खिडकीपुढे गेली. "मुलीचं नाव सांगितलं. आणि म्हणाले, 'वाढवा'."

"खिडकीवाले, तुम्ही काय ऐकलंत?"

"हेच. वाढवा."

"म्हणजे दोघंही खरं बोलताय," लिटमस म्हणाली. "आता मला सांगा, तुमच्या वडिलांचा व्यवसाय काय?"

"दुकान होतं. चपलांचं." तो गोंधळला. "त्याचं काय?"

"संध्याकाळी काम संपल्यावर वडील काय करायचे?"

"दुकान वाढवायचे, घरी यायचे."

मग सिस्टरने कपाळावर हात मारला.

"मोठं करायचे?" पुन्हाबाईने विचारलं.

"छे गं, मोठं कसलं? वाढवायचे म्हणजे..." खिडकीवाला थांबला. त्याचं तोंड उघडं राहिलं.

"म्हणा," लिटमस हळूच म्हणाली.

"बंद करायचे," तो म्हणाला. "दुकान बंद झालं असं आमच्यात कधी म्हणत नाहीत. अशुभ वाटतं. आई रागवायची. रोजचं कुलूप लावायचं, तरी वाढवलं म्हणायचं."

"काल माझ्यादेखत तुम्ही 'खिडकी वाढवतो' म्हणालात आणि झडप खाली ओढलीत. आमच्या घरी कधी दुकान नव्हतं. मला वाटलं, बोलतात एक आणि करतात एक. शब्द माझ्या नाकासमोर पडला होता, आणि मी नुसती झडप बघत बसले."

ती फोनकडे वळली. "मोठ्या बाई, पडद्यावर दोनच चौकोन आहेत. चालू ठेवा आणि बंद करा. वाढवा असा चौकोनच नाही. समोर आई उभी. ती 'चालू ठेवा' म्हणत नाही, 'वाढवा' म्हणते. दुकानात वाढलेल्या माणसाने काय समजायचं? त्याला वाटलं, ही आई आहे, लेकराच्या बाबतीत 'बंद' हा शब्द हिच्या तोंडून निघत नाहीये, म्हणून बिचारी चांगल्या शब्दात सांगतेय."

"अगदी अस्संच वाटलं मला," खिडकीवाला कसाबसा म्हणाला.

"त्यात काकांनी समोर बसून 'सरकारी कार्डाचा भरवसा नाही' असा धोशा लावलेला. म्हणून सगळे सोडताहेत याचं नवलही वाटेनासं झालं. कारण विचारायला नियमाने मनाई. आणि मेसेज येतो, 'विनंतीनुसार कार्यवाही झाली'. कुठली कार्यवाही, ते त्यात नाही. खिडकीच्या बाहेरचे खूश, आतला दुःखी, आणि दोघांनाही वाटतंय की काम झालं."

पॉलिसीकाकांनी छत्रीची मूठ निरखायला सुरुवात केली.

"आणि मी?" ड्रायव्हरने विचारलं.

"तुमच्यावरून तर कोडं सुटलं. सिस्टरचा पाठ न शिकलेले तुम्ही एकटेच. तुम्ही म्हणालात 'चालू द्या', आणि चालू राहिलं. बाकी सगळं तेच होतं. खिडकी तीच, माणूस तोच, यंत्र तेच. बदलला तो एक शब्द."

फोनमधून मोठ्या बाईंचा आवाज आला.

"खिडकीवाले, माझा एक प्रश्न. लिटमसने सांगायच्या आधी तुमच्या हे लक्षात आलं असतं, तर काय केलं असतं?"

"घरोघर जाऊन पाया पडलो असतो, बाई. अजूनही पडेन. माझी नोकरी घ्या, पण पोरांची कार्डं द्या."

"नोकरी घेतली तर कार्डं पुन्हा चालू कोण करणार? बसा खुर्चीत. चूक मान्य, दुरुस्ती मंजूर. माझी परवानगी तुमच्या यंत्रावर आत्ता पाठवते. पहिलं कार्ड कुणाचं, ते ठाऊक आहे ना?"

खिडकीवाला धावतच आत गेला. झडप खडखडत वर गेली. त्याने मुलीचं नाव विचारलं. आईने सांगितलं, आणि पुढचा शब्द तिच्या ओठांवर येता येता थबकला. तिने सिस्टरकडे पाहिलं, मग ड्रायव्हरकडे.

"चालू द्या!" आई म्हणाली.

"म्हणजे तुम्ही म्हणालात," खिडकीवाला एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "कार्ड सुरू राहायला हवं. पुढेही. थांबवायचं नाही. बरोबर?"

"अरे, हा तर माझ्यासारखं बोलतो!" पुन्हाबाई आनंदाने ओरडली.

संध्याकाळपर्यंत बहुतेक कार्डं हिरवी झाली. सिस्टर घराघरांतून हाका मारत सुटली. पॉलिसीकाका बराच वेळ घुटमळले आणि शेवटी लिटमसपाशी आले.

"त्या मागच्या गल्लीत काही घरं आहेत," ते पुटपुटले. "मी पॉलिसी खपवायला गेलो होतो. पोरं आहेत, पण सरकारी कार्ड कधी काढलेलंच नाही. बसतात ती त्यात, मी विचारलंय. दाखवू का सिस्टरना?"

"धंद्याचं काय, काका?"

"त्यांना माझी पॉलिसी परवडणार नाही, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," काका म्हणाले. "उगाच छत्रीखाली बसून काय करायचं? चला."

७

ऑपरेशन सोमवारी झालं. कान भरून यायला वेळ लागला. पट्टी निघाल्यावर लिटमस भेटायला गेली, तेव्हा मुलगी मशीनशेजारी बसून पायपट्टीची खटखट ऐकत होती. हे मशीन इतकी बडबड करतं, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

यंत्रात आता तिसरी पायरी आली होती. बटण दाबण्याआधी खिडकीतला माणूस पालकांना त्यांची विनंती आपल्या शब्दांत पुन्हा सांगतो, आणि पालक 'हो' म्हणाले तरच पुढे जातो. मेसेजमध्येही कार्ड चालू की बंद ते स्पष्ट येतं. विभागाच्या कागदांत त्या पायरीला लांबलचक नाव आहे. केंद्रात सगळे तिला पुन्हाबाई म्हणतात. "बटण दाबायच्या आधी पुन्हाबाई केलीस का?" असं सिस्टर खिडकीवाल्याला दिवसातून दहादा विचारते. मागच्या गल्लीतली मुलंही आता रांगेत असतात.

बोलता बोलता उशीर झाला. लिटमस उठली, चपला घातल्या आणि दाराशी म्हणाली, "बरंय, येते मी."

"म्हणजे तू म्हणालीस," मुलगी म्हणाली, "जाते मी."

लिटमस हसली. "हो. जाते म्हणायचं नसतं म्हणून येते म्हणतात."

"खिडकीवाल्या काकांसारखं?"

"अगदी तसंच."

मुलीने थोडा विचार केला. "पण तू खरंच येशील?"

"येईन."

"पुन्हा?"

लिटमस सवयीने वाकली, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्याने म्हणाली, "मी म्हटलं, येईन!"

"अगं, ऐकू आलं मला!" मुलगी दोन्ही हातांनी कान झाकत खिदळली. "मी विचारत होते, पुन्हा येशील ना?"